कमळीआईने घातलेली शपथ

कमळीआईने कुणाला शपथ घातली की ती मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. नवऱ्याची तंबाखू तिने अशीच सोडवली होती, देव्हाऱ्यासमोर त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून. नायगावच्या खाडीकडेला, भाताच्या खाचरांना लागून त्यांचं घर. देवीला दिवा लावल्याशिवाय बाई चहासुद्धा घेत नसे.

तिचा मुलगा हरेश्वर कामणच्या गोदामांवर टेम्पो चालवायचा. तिथल्या संगतीने तो गर्दच्या नादी लागला. चंदेरी कागदावर ती तपकिरी पूड जाळायची नि धूर ओढायचा. कमळीआईने त्याला किती वेळा व्यसनमुक्तीच्या शिबिरात नेऊन घातलं! तिथून तो अंगाने भरून यायचा, सणवार धड करायचा, आणि भातकापणी होते न होते तोच पुन्हा गायब. शेवटी त्याची बायको संजना त्याला वसईच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे नवंच औषध सुरू झालं होतं. रोज सकाळी जायचं आणि सिस्टर रेजिनासमोर बसून गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. हरेश्वर सावरला. टेम्पोवर जाऊ लागला, मुलीला शाळेत सोडू लागला.

वर्ष उलटलं तरी गोळी चालूच. एका लग्नाच्या हळदीत थोरली जाऊ चारचौघींत म्हणाली, "कमळे, तुझ्या पोराने एक टाकलं नि दुसरं धरलं गो!"

बाया हसल्या. कमळीआईला ते फार झोंबलं. घरी येऊन तिने दिवा लावला आणि हरेश्वरचा हात डोक्यावर घेतला.

"आजपासून ती गोळी घेतलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आये, पन डॉक्टर सांगतात..."

"डॉक्टराने जन्म दिला का तुला?"

गोळी बंद झाली. हरेश्वरचं अंग मोडून यायला लागलं, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा. कमळीआई पेज भरवायची, अंगाला तेल चोळायची आणि म्हणायची, "निघू दे सगळं विष." तो दात आवळून राहिला, राहवलं तोवर. मग एक दिवस संजनाला टेम्पोत चंदेरी कागद सापडला.

ती ओरडली नाही. चुलीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "आये, तुम्ही शपथ गोळीची घातलीत. गर्दची घालायची राहिली."

तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी संजना नवऱ्याला दवाखान्यात चल म्हणून विनवत होती. तो ओटीवरून उठेना. "गोळी घेतली आनि आयेला काय झालं तर?" एवढंच त्याचं.

मग कमळीआई एकटीच रेजिनाकडे गेली.

"मावशी, आधी बसा," रेजिना म्हणाली. "हा आजार आहे, पापबिप नाही. इतकी वर्षं गर्द ओढला की मेंदू त्याच्याशिवाय राहायचं विसरतो. ते परत शिकायला वर्षं लागतात, कुणाला जन्मभर औषध लागतं. या गोळीने तो झिंगत नव्हता, उभा होता. आता गोळी सुटलीय, शरीराची सवय मोडलीय. पूर्वीएवढा गर्द ओढला तर श्वास बंद पडेल."

"म्हंजे माझ्या शपथेने जाईल तो?"

"तसं मी नाही म्हणणार. पण त्याला आजच आणा."

शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं. कमळीआईने जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता, आणि ही शपथ तर देवीपुढे घातलेली. घरी येऊन ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. "चूक माझी हाय," ती हळूच म्हणाली. "कोप करायचा तर माझ्यावर कर."

मग ओटीवर जाऊन तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "सुटली."

"काय?"

"शपथ सुटली! आता काय ढोल वाजवू? ऊठ, तोंड धू."

"मनापासून बोलतेस, आये?"

"मेल्या, देवीला सांगून आलेय."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं, गर्दचा अंमल पुरता उतरेपर्यंत थांबवलं, मगच गोळी दिली. कमळीआई बाकावर त्याला खेटून बसली.

"कडू हाय का रे?"

त्याने मान डोलावली.

"आनि किती वेळ धरायची?"

"मावशी, त्याला बोलायला लावू नका," रेजिना हसली. "गोळी वाया जाईल."

"बरं बाई." कमळीआईने तोंडाला पदर लावला, आणि गोळी विरघळेपर्यंत तीही तोंड मिटून बसून राहिली.