चार्ज नावाचं ओझं

डॉक्टरांनी सकाळी दहालाच सांगितलं होतं, "आज डिस्चार्ज." दोन वाजून गेले तरी कागद तयार नव्हते. मी बाबांच्या खोलीतून काउंटरवर आणि काउंटरवरून खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. पाचला सदाशिव पेठेत माझा क्लास असतो. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मी इंग्रजी शब्द शिकवते, लॅटिन मुळांसकट. टिपणं हातात होती, पण एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती.

"बस की जरा," बाबा पलंगावरून म्हणाले. "आज काय शिकवणार आहेस?"

"चार्ज."

ते हसले. खडकीला राहून त्यांनी सगळी नोकरी एका कारखान्यात चार्जमन म्हणून केली. एका विभागाची जबाबदारी त्यांच्यावर असे. म्हणाले, "मग मला सांग."

लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडा. त्यातूनच कार आली, जहाजावरचा कार्गो आला. गाड्यावर माल लादणं, ते चार्ज. मग तोफेत दारू भरणं चार्ज, बॅटरीत वीज भरणं चार्ज, माणसावर जबाबदारी टाकणं चार्ज आणि आरोप ठेवणं, तेही चार्जच. डिस्चार्ज म्हणजे लादलेलं उतरवणं. मी सांगत होते, पण कान दाराकडे होते.

"आरोप म्हणजे चार्जशीट," बाबा म्हणाले. "मला मिळाली होती एकदा."

मी टिपणं मिटली. ज्या माणसाला कामावर पाच मिनिटं उशीर झालेला मी पाहिला नाही, त्याला?

"तुझा जन्म झाला त्या दिवशी. शेजाऱ्यांचा निरोप आला, आईला दवाखान्यात नेलंय, अवघड आहे. साहेब जागेवर नव्हते. कुणाला चार्ज न देता मी सायकल काढली आणि निघालो. चूक माझीच होती. बढती लांबली, एवढंच."

"आणि मला कधी बोलला नाहीत?"

"तू ते मनाला लावून घेतलं असतंस."

मी उठले. काउंटरवर काही काम नव्हतं, तरी गेले. क्लासला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. कागद मिळाले साडेपाचला.

रात्री घरी जेवायला बसल्यावर मला राहवेना. "आई, तुला ठाऊक होतं?"

तिने सगळं ऐकून घेतलं. "मला सांगितलं होतं, साहेबांनी स्वतःहून सोडलं म्हणून. मी पेढे पाठवले होते त्यांना! अहो, दिलेत तरी का?"

"दिले."

"मग?"

"दोन खाल्ले त्यांनी," बाबा खाली मान घालून म्हणाले. "मग चार्जशीट हातात दिली."

आई हसायला लागली ती थांबेचना. बाबाही हसले. मी मात्र ताटावरून उठले. पाणी आणायच्या निमित्ताने मी आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.