विहिरीसमोरचं चौथं रोप

आमचं घर तेव्हा धुळ्याच्या देवपुरात होतं. एका श्रावणात नगरपालिकेने आमच्या परसबागेच्या कुंपणालगत, रस्त्याच्या कडेने रोपं लावली. दोन कडुनिंब आणि एक करंज आम्हाला लगेच ओळखू आले. आमच्या विहिरीसमोरचं चौथं रोप पाहून मात्र वडिलांचा चेहरा उतरला. त्याची पानं थेट पिंपळासारखी होती.

"हा विहिरीचं बांधकाम फोडणार. आणि पिंपळाला कुऱ्हाड लावायला कोण धजेल?" ते म्हणाले.

त्यांचा संशय शेजारच्या शेठजींवर गेला. शेठजींनी पूर्वी आमची जागा विकत मागितली होती आणि नगरपालिकेत त्यांचं वजन होतं. त्या दिवसापासून शेठजींनी हाक मारली तरी वडील ओ देईनात.

दिवाळीला गावाहून आत्या आली. तिने एक पान तोडून देठ निरखला. "भाऊ, हाऊ पिंपय नही शे. दूध कोठे शे? हाऊ परसपिंपय शे."

परसपिंपळ म्हणजे फक्त पानांनी पिंपळासारखं दिसणारं वेगळंच झाड. पिंपळाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, इथे थेंबही नव्हता. तरी वडिलांना पटेना. "रोप लहान आहे. अजून चीक धरला नसेल," ते म्हणाले.

काही वर्षांनी झाडाला भेंडीसारखी पिवळी फुलं आली. आईने एक फूल वडिलांच्या हातात ठेवलं. पिंपळाला असं फूल येत नाही, हे त्यांना कबूल करावंच लागलं. बराच वेळ ते फूल उलटंसुलटं करून पाहत राहिले. मग शेजारच्या घराकडे बघत हळूच म्हणाले, "पण मग यात शेठजींचा काय डाव असेल?"