एका बाटलीपुरती पोरं

लस आहे, पण देता येत नाही, असं पेणच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करतेय. लस शीतपेटीत होती, माझी तेरा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उभी होती, आणि तरी नाही. का, तर लहान मुलांच्या लसीच्या एका बाटलीत वीस जणांचं औषध. बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, आणि फेकली की वरून जाब येतो. "वीसेक पोरं जमवा, लगेच उघडते," ती म्हणाली. मी म्हटलं, वरात घेऊन येऊ का? तर म्हणे, आणा.

मे महिना होता. शाळा बंद, म्हणजे शाळेतलं टोचणंही बंद. तिसरी लाट ओसरली होती आणि लोकांनी मास्क कधीच अडगळीत टाकले होते. आजूबाजूच्या केंद्रांवर हीच रड. पनवेलला खासगीत विचारलं, तिथे ही लसच नव्हती. कोरोना गेला, असं जो तो मला सांगत होता. गेला तुमच्यापुरता. माझ्या मुलीला मूत्रपिंडाचा आजार आहे. अधूनमधून उलटतो, मग चेहरा सुजतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्या वाढतात. साधी सर्दीही तिला आडवी करते. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आधी लस, मग शाळा. दोन वर्षं पोर घरात कोंडलेली होती. मैत्रिणी आधी फोन करायच्या, मग तेही थांबलं. जूनमध्ये मला तिला वर्गात बसलेली बघायची होती, बाकी मला कुणाचं काही नको होतं.

पोरं कुठे मिळतील हे मला ठाऊक होतं. मी गणपतींचे डोळे आखते. पेणमध्ये दर दोन घरांआड मूर्तींचा कारखाना आहे, पण डोळ्यांचा हात सगळ्यांना नसतो. साचा, घासकाम, रंग सगळं झालं की शेवटी मला बोलावतात. त्या वर्षी मी ज्या मोठ्या कारखान्यात होते तिथे घासकामाला खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायका यायच्या, आणि सुट्टी लागली की त्यांची पोरंही पॉलिश पेपर घेऊन बसायची. बारा, तेरा, चौदा वर्षांची. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर.

मी शेठला म्हटलं, अर्धा दिवस पोरांना सोडा. शेठ म्हणाला, "वहिनी, टोचलं की ताप येणार. म्हणजे दोन दिवस घासकाम बंद. परदेशचा माल जायचाय."

"शेठ, पोरांच्या तब्येतीचं आहे."

"पोरांना काय होतंय? सर्दी-खोकला. लस म्हाताऱ्यांसाठी असते. माझे दोन झाले, बूस्टर पण झाला."

बूस्टर झाला म्हणे! स्वतःचा दंड तीनदा पुढे केला आणि दुसऱ्यांच्या पोरांना सर्दी-खोकला. मला इतका संताप आला की हातातला ब्रश मी पाण्यात न टाकता तसाच ठेवला, आणि तो वाळून फुकट गेला.

रोह्याला माझी नणंद असते. तिचा नवरा कंपनीत आहे. ती फोनवर म्हणाली, अगं, आमच्या कॉलनीत कंपनीने मुलांसाठी लस ठेवलीय, घेऊन ये तिला. मी मुलीला दोन मास्क बांधले आणि गाडीत खिडकीशी बसवलं. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी गेलं, आणि इतक्या दिवसांनी बाहेर पडलेली पोर स्टेशनांची नावं मोठ्याने वाचत होती. रोह्याच्या त्या हॉलमध्ये पंखे, खुर्च्या, बिस्किटं, सगळी बडदास्त होती. कॉलनीतली मुलं होती मोजकी, पण बाटली उघडली होती. कंपनीचा हुकूम होता ना! टेबलावरच्या माणसाने विचारलं, वडील कुठल्या शिफ्टला? मी म्हटलं, वडील पेणला रिक्षा चालवतात. मग नाही जमणार ताई, तो म्हणाला, हे फक्त एम्प्लॉयींच्या मुलांसाठी.

नणंदेचा नवरा बाजूला उभा होता. हा माणूस आमच्याकडे आला की जेवायला बसल्यावर देशाचं राजकारण चालवतो. तिथे त्याने मोबाइल काढून कानाला लावला. आम्ही कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिलो, की उरली तर देतील. उरली. निम्मी बाटली तरी असेल. नर्सने ती माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. पेणला पोरं नाहीत म्हणून बाटली उघडत नाहीत, आणि रोह्याला उघडलेली बाटली समोरच्या पोरीला देत नाहीत. हा हिशेब ज्या कोणी शहाण्याने मांडला, त्याच्या घरी आजारी पोर नसणार. नणंद चहा घेऊन जा म्हणाली. मी तिच्या घरची पायरी चढले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले आणि ब्रशांची पेटी उघडलीच नाही. समोर परदेशी जायच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या, रंग होऊन, दागिने होऊन, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा. मी म्हटलं, शेठ, पोरं दवाखान्यात गेली की आखणी सुरू करते.

"वहिनी, देवाच्या कामात असं करू नये."

"देवाला मी सांगेन काय ते. तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा."

तो खूप बोलला. माझ्या नवऱ्याला फोन लावला. नवरा म्हणाला, ती माझं ऐकत नाय, तुमचं काय ऐकणार. शेठने दुसरा आखणारा शोधला, पण मे महिन्यात चांगला हात रिकामा कुठे मिळतो? शेवटी दोन दिवसांनी त्याने बायकांना हुकूम सोडला, पोरं घेऊन दवाखान्यात जा. त्याने त्यांना विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

त्यातली एक बाई, मिठागरं बंद पडल्यापासून इथे घासकामाला येणारी, हात झटकत माझ्यापाशी आली. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. "कशाला गो आमच्या पोरींना टोचतेस? त्यांना काय झालंय?"

मी म्हटलं, "झालं नाय म्हणूनच टोचायचं. काय होत नाय. पहिली माझी घेईल, मग तुझी."

"पहिली तुझी?"

"पहिली माझी."

पोरं दवाखान्यात न्यायच्या दिवशी सकाळी मुलगी उठली तेव्हाच मला दिसलं. मी आयुष्यभर डोळे आखतेय, मला नाही दिसणार? खालच्या पापण्या सुजून भरल्या होत्या. मी तिला म्हटलं, झोप झाली नसेल. थंड पाणी मारायला लावलं आणि नेलं. सिस्टरने पोरं मोजली आणि बाटली उघडली. माझी मुलगी पहिल्या खुर्चीवर बसली, बाही वर केली. सिस्टरने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पायावर बोट दाबलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. ती उठून डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणाला, आजार उलटलाय, आज नको, आधी मुंबईला दाखवा, बरी झाली की बघू.

मी हात जोडले. मी भांडले. सिस्टर म्हणाली, "बाई, बाटली उघडलीय, बाकीच्यांना थांबवू नका." आणि तिने पुढचं नाव घेतलं. ते त्या मिठागरवाल्या बाईच्या मुलीचं होतं. पोर आईकडे बघत बसली आणि सुई आत गेली. मग पुढची, मग पुढचा. अख्खी बाटली संपवली, एक थेंब वाया गेला नाही. सिस्टर फार खूश होती.

ती बाई दाराशी माझी वाट बघत उभी होती. आवाज चढवला नाही तिने. "आमच्या पोरी पुढं केल्यास गो," ती म्हणाली, "नि तुझी मागं ठेवलीस."

मी तिला आजार सांगितला, सूज दाखवली. तिने सुजलेल्या तोंडाकडे पाहिलंही नाही. दोन-तीन पोरांना रात्री ताप आला, तसा पुष्कळांना येतो आणि उतरतोही. पण कारखान्यात एकच बोलणं झालं, की आखणीवालीने आधी आमच्या पोरांवर करून बघितलं. मी मूर्तींना डोळे आखून दिले, माल गेला, आणि त्यानंतर शेठने मला ओळख दाखवायचं सोडलं.

मुलगी महिन्याभरात, शाळा उघडायच्या आत, सुधारली. मुंबईच्या डॉक्टरांनी लसीला हो म्हटलं. त्याच सुमारास त्या पोरांचा दुसरा डोस आला होता, म्हणजे बाटली उघडणारच होती. मी मुलीला घेऊन सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसले. एकही पोर आलं नाही. सिस्टरने शीतपेटीला हात लावला नाही. मी मुलीला घरी सोडलं आणि तडक कारखान्यात गेले.

ती बाई मूर्तीची सोंड घासत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. आयुष्यात मी कुणाची विनवणी केलेली नाही, त्या दिवशी केली. म्हटलं, तुझी घेऊन ये, बाकीच्या तुझं ऐकतील, नाहीतर माझी बाटली उघडत नाही.

तिने पॉलिश पेपर उलटा केला, सोंडेवरची पांढरी पूड फुंकली आणि म्हणाली, "आधी तुझीला टोच. मग आमची आणते."