दस्तगीरच्या रेग्युलेटरचा नट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून मला कधी साधी विडी लपवता आली नाही. भावाला नाही, नौदलात ज्यांच्याबरोबर बारा वर्षं काढली त्यांना नाही. सांगायला बसलो की जीभ भलतीकडेच वळते. उसाच्या गप्पा निघतात, पाळीच्या पाण्याच्या निघतात. आजही तसंच होईल की काय, कोण जाणे. पण तुम्ही बसलाच आहात, तर बघू.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी पाणबुड्या. साताऱ्याजवळच्या गावचा; घरचा ऊस, आणि दर पिढीला एकजण पलटणीत. मी नौदलात गेलो, तिथं पाण्याखालचं काम शिकलो, आणि परत आल्यावर, बहात्तरच्या दुष्काळानंतर, जिल्ह्यातल्याच एका धरणावर लागलो. धरणाच्या दारांपुढं लोखंडी जाळी असते. तिच्यात ओंडके, फांद्या, मेलेली जनावरं येऊन अडकतात. पाठीला हवेची टाकी बांधून साठ फूट खाली जायचं आणि ते सगळं हातानं काढायचं. खाली उजेड नसतो. गाळ असतो, गार पाणी असतं, आणि आपल्याच श्वासाचा आवाज असतो.

तो श्वास येतो रेग्युलेटरमधून. दातांत धरायची एक डबी समजा. तुम्ही श्वास ओढला की आतली झडप उघडते आणि हवा येते. त्या झडपेला एक स्प्रिंग दाबून धरते, आणि स्प्रिंगवर एक बारीक नट असतो. नट सैल झाला तर हवा नुसती फुरफुरत वाया जाते. आवळला तर प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. काठावर ते फारसं जाणवत नाही. खाली ओंडक्याशी झटताना जाणवतं. छाती भरत नाही, डोकं ठणकायला लागतं, आणि मग माणूस घाबरतो. कितीही पट्टीचा असला तरी घाबरतो.

आमच्यात एक नियम होता. आपला नट आपण लावायचा नाही, जोडीदारानं लावायचा. आपल्या हाताला आपली चूक दिसत नाही, म्हणून. आणि जोडीदारानं लावलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही. तो त्याचा अपमान. हा नियम धरणावर मी आणला. दस्तगीरला तो मीच शिकवला.

दस्तगीर सांगलीचा. घरचा धंदा भांड्यांना कल्हई करायचा, पण हा लहानपणापासून कृष्णेच्या घाटावर पडीक. कुणाचा हंडा बुडाला, कुणाची नथ पडली की दस्तगीरला हाक. माणूस बुडालं तरी त्यालाच. टाकी त्यानं पहिल्यांदा धरणावर पाहिली, आणि महिन्याभरात अशी वापरायला लागला की जणू पाठीवर घेऊनच जन्मला होता. मला दादा म्हणायचा. माझ्या डब्यातला खर्डा त्याला लागायचा, त्याच्या आईनं पाठवलेल्या गोड पोळ्या मला.

आणि मी त्याला पाण्यात पाहायला लागलो. म्हणायची रीत आहे ती — पण मी तर खरोखरच साठ फुटांवर बसून पाहत होतो. टाकी दोघांची सारखी. माझी पस्तीस मिनिटांत संपायची, त्याची पन्नास चालायची. घाई नाही, धडपड नाही. बुडबुडेसुद्धा अंतरा-अंतरानं. मी बारा वर्षं शिकलेला, आणि हा कल्हईवाला. हो, मनात मी हाच शब्द वापरायचो. आता झाकून काय करू?

मग धरणावर कायमचा एक पाणबुड्या नेमायचं ठरलं. जागा एकच, राहायला क्वार्टर. मधल्या दाराच्या जाळीत एक मोठा ओंडका रुतून बसला होता. धरणावरचे इंजिनिअर साहेब म्हणाले, दोघं एकदम उतरा. ज्याच्या हातून तो मोकळा होईल, त्याचं नाव मी वर पाठवतो. त्यांचा ओढा कुणाकडं आहे हे शेडमधल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी शेडमध्ये मी दस्तगीरचा रेग्युलेटर उघडला.

इथंच मी दरवेळी थांबतो.

नट आवळला. अर्धा फेरा. झाकण लावलं, फडक्यानं पुसलं, आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं डबी तोंडात धरून दोन-चार श्वास ओढले. कपाळाला आठी पडली.

"दादा, जरा जड लागतंय का वो?"

"नवं रबर बसवलंय. खाली गेल्यावर सैल हुईल."

रबर जुनंच होतं. पाना बाकड्यावर पडला होता, त्याच्या हाताच्या अंतरावर. त्यानं पान्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवून टाकी पाठीला बांधली. त्या पान्याला हात लावला असता तर माझ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. एवढ्यासाठी तो तसाच उतरला.

खाली मी ओंडक्याला हात लावून नुसता बसून राहिलो. जोर तोच करत होता, मी त्याचे बुडबुडे बघत होतो. पहिल्यांदा अंतरा-अंतरानं. मग जवळजवळ. मग एकसारखे. त्यानं पहार टाकली आणि गळ्याशी हात नेला. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे दिसले. मी म्हशीचं मरण बघितलंय, माणसांची बघितली आहेत. असे डोळे बघितले नव्हते. त्यानं माझ्याकडं बोट केलं, मग वर केलं. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर आणलं.

त्याला वाचवायला? नाही. माझ्या हातून मेला तर उघडकीला येईल, म्हणून. हेही आजच म्हणतोय.

काठावर तो भडाभडा ओकला. डोकं धरून बसला. साहेब त्याच्याकडं बघत राहिले. मी पुन्हा उतरलो, ओंडका मोकळा केला, वर आलो, आणि कुणी बघायच्या आत शेडमध्ये जाऊन नट होता तसा करून ठेवला.

मला वाटलं होतं, तिथं हे संपेल. जागा मला मिळेल, दस्तगीर माझ्या हाताखाली राहील, भाकरी एकाच डब्यात खाऊ. माणूस स्वतःला किती सोयीस्कर गोष्टी सांगतो! आठ दिवसांनी साहेबांनी त्याला आणखी एक संधी दिली. त्या खेपेला नट मी अगदी मनापासून लावला, तीनदा तपासला. त्या रेग्युलेटरमधून लेकरानंही श्वास घेतला असता. दस्तगीर पंधरा फुटांवरून परत आला. ओठ पांढरे. दुसऱ्या दिवशी दहा फुटांवरून. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसला तो उतरलाच नाही. नट मागं फिरवता येतो हो. भीतीला कुठला पाना लावायचा?

तो सांगलीला परत गेला. कल्हईचं दुकान तोवर भावाकडं गेलं होतं. मग माधवनगरला गिरणीत लागला, कापूस पिंजायच्या खात्यात. दिवसभर हवेत तूस. खोकला लागला तेव्हा डॉक्टरला म्हणाला म्हणे, माझी छाती आधीपासूनच कच्ची हाय. कुणाची? पन्नास मिनिटं टाकी पुरवणाऱ्याची!

चार-पाच वर्षांनी माझ्या कानावर आलं की घाटावर काहीतरी घडलं आणि दस्तगीर घराबाहेर पडत नाही. मी एस.टी.नं सांगलीला गेलो. तेव्हा ठरवूनच गेलो होतो की सांगायचं. विट्यापर्यंत वाक्यं जुळवत होतो.

त्याच्या गल्लीतल्या कासाराची सून घाटावर धुणं धुताना घसरली होती. लोक धावत कुणाकडं गेले असतील? दस्तगीर पळत आला, सदरा काढला, पाण्यात शिरला — आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. सगळा घाट ओरडत होता. तो उभाच. नाव येईपर्यंत उशीर झाला. ती दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडली. पोरीला सहा महिने झाले होते लग्न होऊन. कासारीण नंतर त्याच्या दारापुढून जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायची.

हे सगळं त्यानं मला खाली बघत सांगितलं. त्याच्या आईनं चहा आणला. मी कप हातात घेतला. आता, म्हटलं, आता.

तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, तवा तुमी मला वर काडलं म्हणून जित्ता हाय. दुसरा कुणी असता तर सोडून गेला असता. आई रोज तुमच्या नावानं दुवा करती बगा."

म्हातारी दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी चहा प्यालो. सगळा प्यालो. बरं चाललंय ना म्हणालो, साताऱ्याला येऊन जा म्हणालो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. क्वार्टरमध्ये जेवण गरम होतं.

पुढं कधी गेलो नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही.

आणि एक. मघाशी मी अर्धा फेरा म्हणालो. इतकं सांगतानाही जीभ वळलीच. अर्ध्या फेऱ्यानं दस्तगीरसारख्याला काही झालं नसतं. थोडा दमला असता, एवढंच. ते मला तेव्हाही कळत होतं. दीड फेरा होता. पान्यावर बोट ठेवून, मोजून दिलेला.