करवतीची दुसरी मूठ

देवळाली प्रवऱ्याच्या योसेफ सुताराला दोन माणसांवाचून करमायचं नाही. एक त्याची बायको मार्था, दुसरा करवतीवरचा जोडीदार कादर. यात आधी कोण, हे मार्थेला विचारू नका. लाटणं घेऊन सांगेल.

मोठं खोड फाडायचं म्हणजे योसेफ आणि कादरच. करवत योसेफच्या बापाच्या वेळची. माणसाएवढी लांब, दोन टोकांना दोन मुठी. खोड उंच लाकडी घोडीवर चढवायचं, योसेफ वर उभा, कादर खाली. वरच्यानं काव लावलेल्या दोरीनं मारलेली रेघ सांभाळायची आणि खालच्यानं डोळ्यांत भुसा घ्यायचा, अशी मोठी न्यायाची वाटणी!

"योसेफ, एकदा तू खाली ये की," कादर म्हणायचा.

"तुझी रेघ नदीवानी जाती. फळ्या करायच्यात, का व्हड्या?"

या करवतीचा एकच कायदा. ओढायचं, ढकलायचं नाही. समोरच्यानं ओढलं की आपण हात सैल सोडायचा. एवढं जमलं असतं तर आपल्यातले निम्मे संसार सुखाचे झाले असते, पण ते जाऊ द्या. या दोघांना ते जमलं होतं. एकदा लय लागली की बोलणं बंद. नुसतं खर्र-सूं, खर्र-सूं. ओल्या लाकडाचा वास, अंगावर पिवळा भुसा आणि दोघांच्या तोंडावर असं काही सुख, की मार्था चुलीपुढून म्हणायची, "माझ्या सैपाकाला कधी असं त्वांड झालं न्हाई यांचं."

मग लढाईच्या दिवसांत सगळंच महागलं आणि कादर खडकीच्या कारखान्यात गेला. घरात खाणारी तोंडं बरीच, करणार काय? जाताना म्हणाला, "ईदला येतो." कुठल्या, ते बोलला नाही.

योसेफनं दुसरा गडी शोधला नाही असं नाही. गहिनीनाथला उभा केला. अंगानं रेडा, पण ओढायच्या जागी ढकलायचा. पातं कमानीसारखं वाकलं आणि योसेफ वरून पडता पडता वाचला.

"आरं, म्हशीला गोठ्यात ढकलतोस व्हय?"

"तुमीच कादरला बोलवा मग," गहिनीनाथ म्हणाला आणि तंबाखू मळत निघून गेला.

योसेफनं करवतीला तेल चोळलं, चिंध्या गुंडाळल्या आणि आढ्याला टांगली. मग खुंट्या, पोळपाट, पाळणे असलं किरकोळ करत बसला. अंगणात कडुलिंबाचं एक खोड पडून होतं, मार्थेच्या कपाटासाठी आणलेलं. तिच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर पेटीत वाळवीनं खाल्ला होता आणि कडुलिंबाला वाळवी लागत नाही.

"अवो, माझं कपाट?"

"कादर आला की."

"त्यो आला न्हाई तर मला खोडातच पुरा!"

दुसऱ्या वर्षी ईदला कादर खरंच आला. राहुरीच्या स्टेशनावरून टांग्यानं. अंगात खाकी शर्ट, भांग पाडलेला. शिरखुर्म्याचं भांडं मार्थेच्या हातात दिलं, "वहिनी, सलाम," आणि नजर थेट आढ्याकडे.

"काढ की खाली," म्हणाला.

पहिल्यांदा बिनसलं. कारखान्यात मशीनपाशी उभं राहून कादरचा हात ताठरला होता.

"विसरलास लेका!"

"तुझं पोट सुटलंय, म्हनून जड जातंय!"

मग कधी लय लागली ते दोघांनाही कळलं नाही. खर्र-सूं. मार्था भाकरी थापायची थांबली आणि दाराशी येऊन उभी राहिली. रेघ सरळ उतरत होती. खोड अर्धं फाटलं आणि करवत हळूहळू मंदावली.

"योसेफ, ओढतोस का नुसता लोंबकळतोस?" कादरनं खालून विचारलं.

खोड संपलं की कादर उद्याच्या गाडीनं जाणार, एवढंच योसेफच्या डोक्यात. कादरनं मूठ सोडली, डोळे पुसले. भुसाच असेल, आपण कशाला खोलात शिरा. मग बाहेर येऊन त्यानं एक पाचर उचलली आणि त्या चिरेत ठोकून बसवली.

"ऱ्हाऊ दे अर्धं," म्हणाला. "निम्मं माझं हाय."

"आनि माझं कपाट?" मार्था ओरडली. दोघंही तिच्याकडे बघेनात. चोरी पकडलेल्या बोक्यांसारखे नुसते पायांवरचा भुसा झाडत राहिले.

कादर गेला. पुढची ईद आली, तो आला नाही. कारखान्यात सुटी मिळाली नाही, असा निरोप कुणीतरी आणला. योसेफ रोज सकाळी त्या खोडापाशी जायचा, चिरेत बोट घालायचा आणि परत यायचा.

एक दिवस गहिनीनाथ गाडी जुंपून दारात उभा राहिला. "श्रीरामपूरला इंजनावरची करवत आलीया. टाका खोड गाडीत. च्या प्येईस्तवर फळ्या!"

योसेफनं मार्थेकडे बघितलं. एवढी वर्षं वाट बघितलेल्या बाईपुढे कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

मार्थेनं कमरेला पदर खोचला. "गहिनीनाथ, तुला दुसरं काम न्हाई का रं? माझ्या लुगड्यांना काय घाई न्हाई."

गाडी वळून गेली. ऊन चढायला लागलं होतं. तिनं घरातून गोणपाट आणलं, पाण्यात भिजवून पिळलं आणि उन्हानं चीर तडकू नये म्हणून त्या अर्ध्या खोडावर चारी बाजूंनी नीट पसरलं.