वाजवणे आणि बडवणे

मंडळी, आज दुपारी थोरल्या बंधूंशी माझा कडाक्याचा वाद झाला. राग अजून शमलेला नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

माझी कन्या महाविद्यालयात शिकते. केबलवर पाहून तिला हेवी मेटलचे वेड लागले आणि आता ती बँडमध्ये ड्रम्स वाजवते. तिची आई गेल्यापासून तिने ड्रम्सना हात लावला नव्हता. आज प्रथमच चादर काढून तिने वाजवायला घेतले आणि तेवढ्यात बंधू काचीगुड्याहून आले.

"वर्षसुद्धा झालं नाही रे, आणि घरात हे बडवणं? नक्को बाबा, लोक काय म्हणतील!"

मुलीने स्टिक्स खाली ठेवल्या.

"दादा, ती बडवत नाही, वाजवते."

"त्यात फरक काय?"

फरक मला पत्नीने शिकवला होता. ती तबला शिकवीत असे. हेवी मेटल तिला कर्कश वाटे, तरी मुलीच्या सरावाला ती रोज शेजारी बसे. ती म्हणे, जोर कोणीही लावील. थोर ड्रमर तो, ज्याचे ड्रमच्या पेडलांवरचे दोन्ही पाय कितीही वेगात सारखेच स्पष्ट बोलतात आणि मनगटे सैल राहतात. "डावा पाय पुटपुटतोय गं," असे ती मुलीला दटावीत असे.

हे मी सांगितले, तेव्हा बंधू म्हणाले, "असेल. पण वर्षभर थांबायला काय हरकत आहे?"

"तिच्या आईची मेहनत त्या पायांत आहे, दादा. ती वर्षभर गंजू देऊ?"

बंधू चहा न घेता निघून गेले. मुलीने मात्र ड्रम्सवर चादर पुन्हा घातली.

मला कोणीतरी सांगा, आईच्या शोकात मुलीने गप्प बसावे, हे त्या आईला विचारून कोणी ठरवले?