हवालदाराच्या दारातलं सोनं

लालबागच्या मुणगेकर चाळीत शहाणीसुरती माणसं एक पथ्य पाळत. कौसल्यामावशीवर उपकार करायचा, तर आपण त्या वेळी कुठून येत होतो, ते आधी आठवून बघायचं.

मावशी मालवणाकडची. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. संध्याकाळी पंगत बसली की ताटात भात पडे. पण माशाच्या कालवणाचा डाव मावशीच्या हातात अधांतरी. "आदी नाव घे, मगे कालवण!" आज कोणी आपलं भलं केलं, त्याचं नाव घ्यायचं आणि काय केलं तेही सांगायचं. नवा मेंबर कुरकुरायचा, "आज कोणीच काही केलं नाही हो, मावशी."

"मगे ह्यो भात काय तुझ्या बापाशीन रांधल्यान?"

असं मावशीने विचारलं की पंगत खो खो हसायची, आणि तो मुकाट्याने कोणाचं तरी नाव घ्यायचा. शेवटी मावशी आपलं भलं करणाऱ्याचं नाव घेई, "देव बरा करो त्याचा" म्हणे, आणि मगच तिचा हात भाताला लागे.

दसऱ्याला तर कहरच. धाकट्यांनी वडीलधाऱ्यांकडे सोनं घेऊन जायचं ही जगाची रीत. साठी उलटलेली मावशी मात्र आपट्याची पानं ओच्यात घेऊन स्वतः दारोदार निघे आणि वर्षभरातला उपकार अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असा सांगे. एकदा गंगाधर कारकुनाला म्हणाली, "सोना घे रे! श्रावणात तमाशाच्या थेटराभायर भेटलंस आणि माझी तांदळाची पिशवी घराक आणलंस!" गंगाधरपंत त्या रात्री भजनाला गेल्याचं त्यांच्या शैलाबाईंना ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत पंतांचा चहा इराण्याकडे.

चाळीतला राजाराम याला सगळ्यात जास्त हसायचा. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आवाज खणखणीत, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना चाळीच्या चाळी घेऊन जाणारा. पण छप्पन सालचा दसरा जवळ आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्या वर्षीचा जानेवारी. गोळीबार, संचारबंदी, घराघरांची झडती. राजारामवर वॉरंट होतं आणि तो मावशीच्या पोटमाळ्यावर कांद्याच्या पोत्यांमागे दडला होता. साहेब दारात उभा राहिला आणि माळ्यावर चढला रामदास हवालदार, याच चाळीतला, गॅलरीच्या टोकाच्या खोलीतला. पोतं सरकलं. दोघांची नजरानजर झाली. क्षणभराने रामदास खाली ओरडला, "वर कांदेच आहेत, साहेब!"

पुढे राजारामवरचं वॉरंट मागे घेतलं गेलं, पण माळ्यावरची गोष्ट तिघांनाच ठाऊक राहिली. बाकी चाळीने गोळ्या झाडणाऱ्यांतला पोलीस म्हणून रामदासला वाळीत टाकलं होतं. त्याच्या बायकोला, अंबिकेला, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, नळावर तिच्याशी कोणी बोलत नाही. आणि राजारामला तोंड उघडता येत नव्हतं. बातमी फुटली तर रामदासची नोकरी जाणार, वर बेड्या पडणार.

आणि आता ही मावशी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, सोनं वाटणार!

"मावशी, यंदा ते टोकाचं दार सोड," त्याने हात जोडले.

"सोना देवकच होया. नायतर माका जेवण जाऊचा नाय."

"मग कारण तरी सांगू नकोस."

मावशी आपट्याची पानं निवडू लागली. तिकडे माधव नावाच्या तरण्या मेंबराने सगळ्यांच्या वतीने बजावलं होतंच, "मावशी, त्या पोलिसाच्या दारात सोनं गेलं, तर उद्यापासून आमचं ताट मांडू नकोस."

दसरा उजाडला. मावशी निघाली. प्रत्येक दारात पान, कारण आणि हशा. राजाराम कठड्याला घट्ट धरून उभा. मावशी टोकाच्या दाराशी थांबली. रामदास बाहेर आला, चेहरा पांढराफटक.

"सोना घे, झिला."

सगळे कान टवकारून कारणाची वाट पाहत होते. मावशीचे ओठ हलले, मिटले. मग त्या म्हाताऱ्या बाईने पदर सावरला, एक हात भिंतीला टेकला आणि आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाच्या पायांशी ती वाकली.

"पोलिसाच्या पाया?" माधव किंचाळला. "गोळीबारात आमची पोरं मेली, मावशी! राजारामभाऊ, तुम्हीच सांगा हिला!"

सगळ्या चाळीने राजारामकडे पाहिलं. बोलण्यासारखं एक वाक्य त्याच्याकडे होतं, आणि तेच बोलायचं नव्हतं. सभेत हजार माणसांपुढे न डगमगणाऱ्या त्याच्या पायांना ती गॅलरी संपेना. त्याने मावशीच्या ओच्यातलं एक पान घेतलं, रामदासच्या हातात ठेवलं आणि तोही वाकला. रामदासने त्याला खांद्याला धरून वर उचललं.

"फितूर झाला!" मागून कोणीतरी म्हणालं.

त्या संध्याकाळी पंगतीत मोजकीच माणसं होती. माधवचं ताट भिंतीला उभंच होतं. मावशीने भल्यामोठ्या सुरमईच्या तुकड्या वाढल्या, उरल्या म्हणून दोनदा वाढल्या. एकेकाने नाव घेतलं. राजाराम नुसता तिच्याकडे बघत राहिला. ज्या बाईने पंतांची थेटरवारी तीन मजल्यांना ऐकवली, तिने एवढा मोठा उपकार पोटात ठेवला होता, आणि ती धंद्याची माती होताना डोळ्यांनी पाहत होती. देवळात उभं राहिल्यावरही त्याला असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मावशीची पाळी आली. तिने डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

कोणीही "कोण गं, मावशी?" विचारलं नाही. तिचे ओठ थांबेपर्यंत एकाचाही हात भाताकडे गेला नाही.